सुजेचं इंजेक्शन

हा आपल्या आजच्या भागाचा लेखी मजकूर. ऐकताना आकडे पटकन निसटतात म्हणून वाचायला देतोय. बोलताना राहून गेलेल्या दोनतीन गोष्टीही इथे घातल्यात.

विषय इतिहासाचा आहे, पण लढाया आणि किल्ल्यांचा नाही. हा एका इंजेक्शनचा इतिहास आहे. त्या इंजेक्शनसाठी मी एकदा एका डॉक्टरशी कडाकडा भांडलो होतो. तो डॉक्टर बरोबर होता हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

२०११ चा उन्हाळा. आमचे जिभाऊ, म्हणजे माझे मोठे काका, पिंपळनेरला कांदा विकून मोटारसायकलवर घरी निघाले होते. संध्याकाळ झालेली. साक्रीच्या रस्त्याला ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती, मागे ना दिवा ना लाल पट्टी. जिभाऊ सरळ तिच्यावर गेले. डोक्याला फेटा नाही, टोपी नाही, हेल्मेटचं तर नावच नको. तेव्हा १०८ ची गाडी आपल्याकडे आलेली नव्हती. एका काळीपिवळीच्या मागच्या सीटवर त्यांना आडवं घातलं आणि सत्तर-ऐंशी किलोमीटर लांब धुळ्याला नेलं.

स्कॅन झाला. तरुण डॉक्टर बाहेर आला आणि म्हणाला, "मेंदूला मार आहे. सूज आहे."

सूज म्हटल्यावर मला बरं वाटलं. सुजेचं औषध तर सगळ्यांना माहीत असतं! माझा एक मित्र मेडिकल स्टोअरवर कामाला होता. त्याला फोन लावला. तो म्हणाला, डेक्सा देतात, स्टेरॉइड, सूज लगेच उतरते. मी डॉक्टरकडे गेलो, सुजेचं इंजेक्शन द्या म्हटलं. तो म्हणाला, "डोक्याच्या माराला ते आता देत नाहीत." मी म्हटलं, पैसे लागत असतील तर भरतो. तो म्हणाला, पैशांचा प्रश्नच नाही. मग माझा आवाज चढला. शेतकऱ्याचा माणूस म्हणून टाळताय का, इथपर्यंत मी बोललो. तो गप्प बसला आणि आत निघून गेला.

"आता देत नाहीत." म्हणजे आधी देत होते. मग बंद का केलं? आजचा भाग त्या "आता"चा आहे.

एक शब्द, दोन अर्थ

पहिला घोटाळा आपल्या भाषेतच आहे. पाय मुरगळला की आपण म्हणतो सूज आली. फोड पिकला तरी सूज. लिव्हरला सूज, सांध्याला सूज, मेंदूला सूज. सगळीकडे एकच शब्द. खरं तर यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक म्हणजे पाणी साठून एखादा भाग फुगणं. दुसरी म्हणजे शरीराची पेटलेली प्रतिकाराची यंत्रणा. या दुसरीला वैद्यकाच्या मराठीत दाह किंवा शोथ म्हणतात. दोन्ही बऱ्याचदा एकत्र येतात, पण त्या एक नाहीत.

दाहाची ओळख फार जुनी आहे. पहिल्या शतकात रोममध्ये सेल्सस नावाच्या लेखकाने त्याची चार लक्षणं लिहून ठेवली: लाली, सूज, ऊब आणि ठणका. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत सुजलेल्या भागाच्या तीन अवस्था सांगितल्यात: आम, पच्यमान आणि पक्व. म्हणजे कच्ची, पिकत असलेली आणि पिकलेली. तिथे वैद्याला बजावलंय की कच्च्या सुजेवर शस्त्र चालवणारा आणि पिकलेल्या सुजेकडे दुर्लक्ष करणारा, दोघेही सारखेच दोषी. थोडक्यात, सुजेला हात कधी लावायचा, हे कळण्यात खरी विद्या आहे.

१७९४ मध्ये लंडनचे सर्जन जॉन हंटर यांचं जखमा आणि दाहावरचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालं. त्यात त्यांनी उलटा विचार मांडला: दाह हा स्वतः रोग नाही, तो शरीराचा दुरुस्तीचा प्रयत्न आहे. पुढे १८८२ मध्ये इटलीतल्या मेसिना गावी मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने ताऱ्यामाशाच्या पारदर्शक पिल्लात काटा टोचला आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. काट्याभोवती पेशी गोळा झाल्या होत्या, त्याला गिळायला निघाल्या होत्या. बाभळीचा काटा पायात मोडला की दुसऱ्या दिवशी तिथे जे लाल, गरम आणि ठणकणारं होतं, ते हेच. मेचनिकॉफला १९०८ मध्ये नोबेल मिळालं.

म्हणजे दाह पहारेकरीही आहे आणि गवंडीही. पण या पहारेकऱ्याच्या हातात मशाल असते, आणि घर गवताचं असेल तर पंचाईत होते.

बंद पेटी

मेंदूचं घर हाडाचं आहे. १७८३ मध्ये स्कॉटलंडचे अलेक्झांडर मन्रो यांनी सांगितलं की कवटी ही बंद पेटी आहे. पाय सुजला तर कातडी ताणते. मेंदू फुगला तर जायला जागा नाही. दाब वाढतो, रक्त आत शिरायला अडतं, आणि माराने जे वाचलं होतं तेही मरायला लागतं. म्हणून डोक्याच्या मारात दोन इजा धरतात. पहिली ट्रॉलीला धडकल्याची, एका क्षणात होणारी. दुसरी त्यानंतर तासन् तास, दिवस, आठवडे चालणारी. पहिली इजा टाळायला हेल्मेट लागतं. डॉक्टरांची आणि घरच्यांची सगळी झुंज दुसरीशी असते.

आता १९६१ सालात जाऊ. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात गॅलिसिच आणि फ्रेंच या सर्जनांनी मेंदूत गाठ असलेल्या रुग्णांना डेक्सामेथासोन दिलं. गाठीभोवतीची सूज उतरली. पेंगुळलेले रुग्ण शुद्धीवर येऊन बोलू लागले. ज्याने हे डोळ्यांनी पाहिलं तो विसरणार कसा?

मग सरळ हिशोब झाला. गाठीची सूज उतरते तर माराची का नाही उतरणार? जगभर डोक्याच्या माराला स्टेरॉइड सुरू झालं. चाळीसेक वर्षं कुठे देत होते, कुठे देत नव्हते. छोटे अभ्यास झाले, पण कुणाचं उत्तर हो, कुणाचं नाही.

इथे परत तो एक शब्द आडवा येतो. गाठीभोवतीची सूज मुख्यतः गळक्या रक्तवाहिन्यांमधून झिरपलेल्या पाण्याची असते, आणि स्टेरॉइड ती गळती कमी करतं. माराने येणाऱ्या सुजेत खुद्द पेशीच पाणी पिऊन फुगलेल्या असतात. दिसायला दोन्ही सूजच, पण आतली गोष्ट वेगळी.

शेवटी कुणीतरी मोजलं

१९९९ मध्ये लंडनहून एक मोठी चाचणी सुरू झाली. नाव क्रॅश. प्रमुख इयन रॉबर्ट्स. पद्धत साधी होती. डोक्याला मार लागून शुद्ध हरपत चाललेला प्रौढ रुग्ण आठ तासांच्या आत आला की त्याला ४८ तास एकतर स्टेरॉइड द्यायचं, नाहीतर औषध नसलेलं तसंच दिसणारं द्रव्य. कुणाला काय मिळालं ते रुग्णालाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही. वीस हजार रुग्ण घ्यायचे ठरले होते. ४९ देशांतली २३९ रुग्णालयं त्यात होती.

मे २००४ मध्ये, १०,००८ रुग्ण झाल्यावर, चाचणी मध्येच थांबवली. कारण आकडे बोलत होते. दोन आठवड्यांच्या आत स्टेरॉइडवाल्या गटात १,०५२ जण गेले, म्हणजे २१.१ टक्के. दुसऱ्या गटात ८९३, म्हणजे १७.९ टक्के. दर शंभर जणांमागे साधारण तीन मृत्यू जास्त, आणि तेही औषधाच्या गटात!

जरा थांबून विचार करा. चाळीस वर्षं चांगल्या मनाने दिलेलं औषध. एखाद्या डॉक्टरला हे स्वतःच्या वॉर्डात कधीच दिसलं नसतं, कारण शंभरातले तीन जास्त की कमी, हे एका माणसाच्या नजरेत भरत नाही. दहा हजार जण मोजल्यावरच दिसतं. ऑक्टोबर २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हा निकाल छापून आला.

गंमत म्हणजे त्याच महिन्यात दुसरा निकालही आला. व्हिएतनाममध्ये मेंदूच्या आवरणाच्या टीबीचे ५४५ रुग्ण घेऊन अभ्यास झाला होता. तिथे टीबीच्या औषधांसोबत डेक्सामेथासोन दिल्यावर मृत्यू ४१.३ टक्क्यांवरून ३१.८ टक्क्यांवर आले. एकाच महिन्यात, एकाच जातीच्या औषधाने, मेंदूच्या एका दाहात माणसं वाचवली आणि दुसऱ्यात दगावली.

तिसरी गोष्ट तर तुम्ही स्वतः जगलात. जून २०२० मध्ये ब्रिटनमधून बातमी आली की कोरोनात व्हेंटिलेटरवर असलेल्यांचे मृत्यू डेक्सामेथासोनने एकतृतीयांशाने घटले. ज्यांना ऑक्सिजनचीही गरज नव्हती त्यांना मात्र काहीच फायदा झाला नाही. म्हणजे सुश्रुताचीच गोष्ट पुन्हा: कोणती सूज, आणि कधी?

तर त्या तरुण डॉक्टरने २०११ मध्ये मला नाही म्हटलं, त्यामागे हे दहा हजार लोक उभे होते. मला तो कंजूस वाटला होता.

मेंदू वेगळा नाही

पण जिभाऊंची गोष्ट इथे संपत नाही. खरं तर आता सुरू होते.

महिनाभराने ते घरी आले. उजवा हात लुळा, बोलणं तुटक, पण माणसं ओळखत होते. पहिल्याच दिवशी मोठ्या आईला म्हणाले, "माले च्या दे ना माय." सगळं घर रडलं. घरी आलेल्या प्रत्येकाला आम्ही ते वाक्य सांगत होतो.

तीन आठवड्यांनी सगळं उलटं फिरलं. दिवसभर झोप. हाक मारली तर डोळे उघडायचे, पण बघायचे आरपार. मला ओळखेनात. भाकरीचा घास तोंडात तसाच राहायचा. आम्हाला वाटलं, डोक्यात परत रक्त साठलं. उसने पैसे काढले, गाडी केली, धुळ्याला परत स्कॅन काढला. स्कॅन आधीपेक्षा बरा निघाला. मग झालं काय?

परत येताना साक्रीत एका वयस्कर डॉक्टरांकडे थांबलो. त्यांनी स्कॅनची फिल्म बाजूला ठेवली, जिभाऊंच्या अंगावरची चादर काढली आणि त्यांना कुशीवर वळवलं. कमरेखाली तळहाताएवढा चट्टा, मधून काळा पडलेला. लघवीची नळी कितीतरी दिवस बदललेली नव्हती, पिशवीत गढूळ लघवी. अंगात ताप. डॉक्टर म्हणाले, "पाठ कोण बघतं?"

मोठ्या आईने बघितली होती. आठ दिवसांपूर्वी ती म्हणालीही होती, "त्यासनी पाठ लाल व्हई जायेल शे." आम्ही तिला म्हटलं होतं, पाठीचं नंतर बघू, आधी डोक्याचं बघू.

हे "आधी डोकं, मग अंग" आम्हा अडाण्यांचंच होतं असं नाही. वैद्यकशास्त्रही बराच काळ तसंच बघत होतं. १८८५ मध्ये पॉल एर्लिश यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडले. सगळे अवयव रंगले, मेंदू कोरा राहिला. पुढे कळलं की रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक भिंत आहे. १९४८ मध्ये पीटर मेडावार यांनी सशांवर प्रयोग केले. दुसऱ्या सशाच्या कातडीचा तुकडा अंगावर लावला की शरीर तो नाकारतं. मेंदूत लावला तर बराच काळ टिकला. यावरून पाठ्यपुस्तकात बसलं की मेंदू प्रतिकारयंत्रणेपासून अलग आहे, राजवाड्यातल्या राणीसारखा.

पण मेडावार यांच्याच प्रयोगाचा दुसरा अर्धा भाग लोक विसरले. त्याच सशाच्या अंगावर आधी परकी कातडी लावून शरीर सावध केलेलं असेल, तर मेंदूतला तुकडाही वाचत नव्हता. शरीर चिडलं की त्याची झळ भिंतीपलीकडे पोचत होती.

मेंदूचे स्वतःचे पहारेकरीही असतात. १९१९ मध्ये स्पेनच्या पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी त्यांना नाव दिलं, मायक्रोग्लिया. मार लागला की ते जागे होतात, मेलेला कचरा उचलतात. कधीकधी ते परत झोपतच नाहीत. २०११ मध्ये लंडनच्या संशोधकांनी डोक्याला जुना मार असलेल्या दहा जणांचे खास स्कॅन प्रसिद्ध केले. काहींच्या मेंदूत इजेनंतर सतरा वर्षांनीही या पेशी भडकलेल्या दिसत होत्या.

आता दोन्ही टोकं जोडू. पाठीचा चट्टा चिघळला, लघवीत जंतू वाढले, की तिथल्या पेशी रक्तात निरोप सोडतात. कोरोनाच्या काळात तुमच्या घरच्या ग्रुपवर रिपोर्ट फिरत होते ना, सीआरपी किती, आयएल-सिक्स किती? आयएल-सिक्स हा असाच एक निरोप. तो लिव्हरला पोचला की लिव्हर सीआरपी तयार करतं. हे सीआरपी १९३० मध्ये न्यूयॉर्कमध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात पहिल्यांदा सापडलं. निरोप रक्तातून मेंदूपर्यंत जातात, काही पोटाकडून मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या नसेवाटेही जातात. धडधाकट माणसाला त्याने नुसता ताप येतो, भूक मरते, झोप येते, बोलावंसं वाटत नाही. शरीर सांगत असतं, पडून राहा, लढाई चालू आहे.

ज्याच्या मेंदूला मार लागलाय त्याची भिंत तडकलेली असते आणि पहारेकरी आधीच हातात काठ्या घेऊन उभे असतात. बाहेरून छोटा निरोप आला तरी आत मोठा गोंधळ होतो. त्यात ताप चढला की मेंदूची ऑक्सिजनची भूक वाढते. नुकत्याच जुळू लागलेल्या वाटा परत बंद पडल्यासारख्या होतात. शिवाय मेंदूला मोठा मार लागला की अंगाची जंतूंशी लढायची ताकदच घटते, म्हणून अशा रुग्णांना न्यूमोनिया आणि लघवीचा संसर्ग लवकर गाठतो. मेंदू अंगाला दुबळं करतो आणि अंग मेंदूला.

२०१५ मध्ये तर मेंदूच्या आवरणात लसिकावाहिन्या सापडल्या, बाकी शरीरात असतात तशाच. १७८७ मध्ये इटलीच्या मास्कान्यी यांनी त्या चितारून ठेवल्या होत्या, पण कुणी खरं मानलं नव्हतं. राणीच्या वाड्याला मागचं दार होतंच.

मग आग विझवून टाकायची का?

तुम्ही म्हणाल, मग सगळा दाहच दाबून टाका. तेच तर क्रॅशमध्ये करून बघितलं. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाकडूनही अशीच आशा होती. ते सूज आणि दाह कमी करतं असं प्राण्यांत दिसलं होतं. २०१४ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले, दोन्हींत काही फायदा नाही. उलट १९९८ मध्ये इस्रायलमध्ये मिकाल श्वार्ट्झ यांच्या गटाने मज्जारज्जू तुटलेल्या उंदरांत दाहातल्याच पेशी मुद्दाम सोडल्या आणि काही उंदरांची हालचाल थोडी परत आली. कचरा उचलणारं कुणी नसेल तर नवं घर बांधणार कुठे?

चुलीचंच घ्या. जाळ जास्त झाला तर भाकरी करपते, विझवला तर कच्ची राहते. मेंदूतला जाळ हवा तेवढा कमीजास्त करणारं औषध जगात अजून कुणाकडे नाही. पण बाहेरून त्यात पडणारं सरपण थांबवणं आपल्या हातात आहे.

साक्रीच्या डॉक्टरांनी तेच केलं. चट्टा साफ केला, नळी बदलली, लघवी तपासून अँटिबायोटिक दिलं. दर दोन तासांनी कूस बदला, बसवून भरवा, तोंड रोज साफ करा, ताप मोजून लिहून ठेवा. डोक्यासाठी एकही नवीन औषध नाही! मला मनातून तेही पटलं नव्हतं. दहाव्या दिवशी मी खाटेजवळ बसलो होतो. जिभाऊंनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तू कव्हय उना रे?"

मी तर तिथेच होतो, सगळे दिवस.

जिभाऊ आजही आहेत. उजवा हात पूर्ण आला नाही. पण आमच्या घरात तेव्हापासून एक नियम आहे. जिभाऊ अचानक पेंगायला लागले, नावं चुकायला लागले, की आधी थर्मामीटर लावायचा, पाठ बघायची, लघवी जळते का विचारायचं, दात-हिरड्या बघायच्या, आणि मग उशीर न करता डॉक्टरकडे न्यायचं. दर वेळी कारण अंगातच सापडेल असं नाही. परत स्कॅनही लागू शकतो, ते डॉक्टर ठरवतील. पण बघायचं पूर्ण माणसाला. आणि एक सांगून ठेवतो: हे ऐकून कुणाचं चालू असलेलं स्टेरॉइड मनाने बंद करू नका. गाठीत, टीबीत, दम्यात ते जीव वाचवतं, आणि अचानक थांबवलं तर घातही करतं.

त्या तरुण डॉक्टरला मी नंतर कधी भेटलो नाही. माफी मागायची राहिली. मोठ्या आईची मात्र मागितली. ती चुलीपुढे बसली होती, कळण्याची भाकरी थापत. म्हणाली, "पाठ बठा लोकेस्ले दिखत नही, भाऊ." पाठ सगळ्यांना दिसत नाही.

तुमच्या घरात, गल्लीत कुणी डोक्याच्या माराने खाटेवर असेल, तर हा भाग त्यांच्या घरच्यांना पाठवा. जी बाई किंवा जो माणूस त्यांची कूस बदलतो ना, त्यांना आधी पाठवा. भेटू पुढच्या भागात.